मनी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचं एक दुकान आहे आणि त्यावर लाल अक्षरांत 'मनी ट्रान्सफर' अशी पाटी आहे. गेल्या पावसाळ्यात त्यातला एक कागदी दांडा वेलांटीसकट सुटून पडला. तेव्हापासून ती पाटी 'मन ट्रान्सफर' अशीच आहे. मालकाला कोणी सांगितलं नसावं, मीही सांगितलेलं नाही.

परवा तिथे एक म्हातारी बाई पैसे काढायला आली होती. दुकानातल्या पोराने काचेचं एक इवलंसं यंत्र तिच्यापुढे सरकवलं, त्यात तांबडा उजेड लागला, आणि तिने आपला अंगठा आधी पदराला पुसला, मग त्यावर फुंकर घातली, मग काचेवर टेकवला. यंत्राला तो वाचता येईना. आयुष्यभर भांडी घासून, माती उकरून झिजलेला अंगठा तो, त्यावरच्या रेषा कधीच पुसट झालेल्या. "आजी, परत," पोरगा म्हणाला. तिने परत पदराला पुसला. तिसऱ्या खेपेला कुठे यंत्राने कबूल केलं की ही बाई म्हणजे हीच बाई. तिने नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या आणि गेली. मी मागे रांगेत उभी होते आणि मला उगीचच चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं. घरी येऊन चहा ठेवला, उकळीकडे बघत बसले, तेव्हा कळलं काय चुकलं ते. वास आला नव्हता. अंगठा उठला, पैसे हातात पडले, आणि वास नाही.

जांभळ्या शाईचा वास. पत्र्याच्या चपट्या डबीतल्या स्टॅम्पपॅडचा. किंचित गोड, किंचित औषधासारखा, उन्हात तापलेल्या खाकी पिशवीचा आणि घामाचा वास अंगाला लागलेला. माझ्या लेखी पैशाला वास असतो तो हाच. कोऱ्या नोटांचा वास लोक कौतुकाने सांगतात, पण आमच्याकडे कोऱ्या नोटा येत नसत. आमच्याकडे यायची ती मनीऑर्डर.

कणकवलीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याकडच्या एका वाडीत आमचं घर. बाबा मुंबईत, लालबागच्या बाजूला, गिरणीत. आमच्या वाडीतल्या बहुतेक घरांतून एकेक पुरुष असाच वजा केलेला होता, आणि त्याच्या जागी महिन्याच्या महिन्याला एक कागद यायचा. कोकण मनीऑर्डरवर जगतं असं पुढे पुस्तकांतून वाचलं, तेव्हा ते मला नवीन नव्हतं, फक्त ते इतक्या कोरडेपणाने म्हणता येतं याचं नवल वाटलं. पंधरा तारखेच्या आसपास दुपारी, जेवणं होऊन खळ्यात सगळं निपचित पडलेलं असताना, साकवाच्या फळ्या वाजायच्या. सायकल त्यावरून जात नसे, पोष्टमन ती अलीकडे आंब्याला टेकवून चालत यायचा. त्या फळ्यांचा आवाज आजीला झोपेतही कळे. ती माजघरातूनच ओरडायची, "इली गो मनीआर्डर!" आणि तिच्या पायाशी मुटकुळं करून झोपलेलं आमचं मांजर दचकून उठायचं. कारण त्याचं नाव मनी होतं.

आता हसू येतं, पण पाच-सहा वर्षांची होईपर्यंत माझी पक्की समजूत होती की ही जी काय ऑर्डर आहे ती मांजराची आहे. मनीचं काहीतरी येतं, ते आजी सही-अंगठा करून घेते, आणि मग संध्याकाळी मनीला जरा जास्त दूध मिळतं. दूध खरंच मिळायचं. त्या दिवशी सगळ्यांनाच सगळं जरा जास्त मिळायचं. आणि आजीच्या गळ्यातले काळे मणी, तेही तिच्या तोंडी मनीच. आमच्या बोलीत 'ण'ला कोणी फारसं विचारत नाही, पाणी म्हणजे पानी आणि मणी म्हणजे मनी. त्यात संध्याकाळी दिव्यापाशी बसून ती जे काही गुणगुणायची, त्यातही 'मनी' असायचं, मनी म्हणजे मनात. गळ्यातलं, मनातलं, मांजर आणि मुंबईहून येणारे ऐंशी रुपये, या सगळ्याला तिच्याजवळ एकच शब्द होता. मी त्या एका शब्दाच्या घरात वाढले. त्यातला एक अर्थ इंग्रजी आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तिला तर कधीच कळलं नाही.

पोष्टमन ओटीवर बसायचा. आई आतून गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि दाराआड उभी राहायची. तो पिशवीतून कागद काढायचा, गुडघ्यावर सरळ करायचा, मग डबी काढायचा. डबीचं झाकण उघडताना एक बारीकसा 'टक्' आवाज व्हायचा आणि वास सुटायचा. "काकी, अंगठो देवा." आजी लुगड्याचा ओचा सावरून पुढे सरकायची. एवढी भात कांडणारी, सापाला काठीने बाजूला सारणारी बाई त्या क्षणी शाळेतल्या मुलीसारखी व्हायची. ती अंगठा स्वतः टेकवत नसे, नुसता पुढे करी. पोष्टमन तिचा अंगठा धरून आधी गादीवर आणि मग कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत हलकेच फिरवायचा. अंगठा असला की साक्षीदार लागे, म्हणून शेजारच्या घरातल्या मास्तरांना हाक जाई. ते नाकावर चष्मा चढवून अशा काही रुबाबात सही करत की वाटावं, पैसे तेच देतायत.

मग नोटा. आजी त्या तीनदा मोजायची. एकदा पोष्टमनसमोर, एकदा तो साकवापर्यंत पोचल्यावर, आणि एकदा देवासमोर. विसाच्या हिशोबात मोजायची ती, चार विसा म्हणजे ऐंशी. मोजून झालं की अंगठ्याची शाई डोक्याला पुसायची. सगळ्याच बायका पुसत, केसांत ती जिरते म्हणून. पण आजीचे केस पांढरे झाले होते, त्यामुळे महिन्यातले आठ-दहा दिवस तिच्या कानामागे जांभळी बट असायची. मी तिच्या कुशीत झोपायचे. खोबरेल, चुलीचा धूर, आणि मागून हळूच येणारी ती शाई. बाबा आठवायचे म्हणजे मला ते तसे आठवायचे, वासाने. त्यांचा चेहरा गणपतीत आणि मे महिन्यात काय दिसेल तेवढाच.

एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे, नाहीतर आठवण फार गोड होईल. त्या कागदावर माझ्या आईचं नाव कधीच नसे. मनीऑर्डर यायची ती सासूच्या नावाने, तशीच रीत होती, वाडीतल्या सगळ्याच घरांतून. आईला बांगड्या भरायच्या झाल्या तरी तिने आजीजवळ मागायचं, आणि आजीने कमरेची पिशवी सोडता सोडता विचारायचं, "गेल्या महिन्यात भरल्यानीस ना?" आई चौथी शिकलेली. आजी अंगठेबहाद्दर. त्यामुळे पैशांवर आजीचा हक्क आणि अक्षरांवर आईचा, अशी आपोआप वाटणी झाली होती. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असे, निरोपापुरतं, दोन-चार ओळी कशाबशा मावतील एवढं. ते घरात राहायचं. पोष्टमन गेला की आई ते वाचून दाखवायची. बाबांची भाषा कागदावर चढली की एकदम शहाण्यासारखी व्हायची. तोंडाने अस्सल मालवणी बोलणारा माणूस, पण लिहिताना 'आईस सा. न. वि. वि.' 'नळे परतून घेणे.' 'गणपतीस येण्याचे करतो.' आई ते मोठ्याने वाचायची, मग कूपन तारेला टोचायच्या आधी एकदा मनातल्या मनात वाचायची. त्यात तिच्यासाठी एक अक्षरही नसायचं. तरी दुसऱ्या वाचनाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

कूपनावर पैशांविषयीही काही नसायचं, हे आता लक्षात येतं. ऐंशी म्हणजे ऐंशी. ते कसे जमवले, त्यातून काय राहिलं, काही नाही.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं. फळ्यावर शब्द आला आणि बाईंनी सांगितलं, मनी म्हणजे पैसा. वर्गात मी एकटीच हसले आणि हातावर पट्टी खाल्ली. पुढच्या इयत्तेत त्याहून मोठा धक्का बसला. 'पैसे आले' याचं इंग्रजी करताना मी क्रियापद अनेकवचनी लावलं, कारण पैसे नेहमी अनेकच येतात, एक पैसा कशाला कोण पाठवील? वहीवर लाल फुली. मनी हे एकवचनी, आणि वर ते अगणनीय नाम, म्हणजे मोजता न येणारं. पाणी, हवा, वाळू, तसंच मनी. मी घरी आले तेव्हा आजी देवासमोर बसून तिसऱ्यांदा मोजत होती. मी तिला सांगितलं, इंग्रजीत पैसे मोजता येत नाहीत. ती मोजायची थांबली नाही, फक्त म्हणाली, "त्येंका कित्याक मोजूक होये? त्येंच्याकडे असतत."

अजूनही व्याकरणाचं कुठलंही पुस्तक मला यापेक्षा चांगलं सांगू शकलेलं नाही.

आपल्या भाषेला मात्र दोन्ही पाहिजेत. 'पैसे' म्हणजे हातातले, मोजलेले, वाण्याकडे जायचे. 'पैसा' म्हटला की तो दूरचा होतो, दुसऱ्याच्या घरचा होतो, त्याला माज येतो, तो बोलू लागतो. आमच्या घरात पैसे असत, पैसा कधीच नव्हता. आणि मग तो तिसरा शब्द, माया. अमक्याने मुंबईत चिकार माया जमवली असं म्हणायचं, आणि आजीची नातीवर माया आहे असंही म्हणायचं, आणि शिंपी परकराच्या शिवणीत आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड मुडपून ठेवतो, पोर वाढेल तेव्हा उसवायला, तीही मायाच. माझ्या सगळ्या परकरांना चार-चार बोटं माया असायची. दरवर्षी एक बोट उसवायची, आणि खालचा नवा पट्टा बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसायचा.

इंग्रजी 'मनी'ला असे अस्तर नसेल असं मला उगाच वाटायचं. कोरडा, काउंटरवरचा शब्द. पुढे नोकरीत असताना कधीतरी शब्दांच्या कुळांविषयी वाचत बसायची सवय लागली, आणि त्यात हा शब्द रोममध्ये नेऊन सोडतो हे समजलं. तिथल्या कॅपिटोलाइन टेकडीवर ज्युनो देवीचं एक देऊळ होतं, ज्युनो मोनेटा तिचं नाव, आणि त्या देवळाला लागून टाकसाळ. देवीच्या नावावरून टाकसाळीला नाव पडलं, टाकसाळीवरून नाण्यांना, आणि तो शब्द फ्रान्समार्गे झिजत झिजत इंग्रजीत 'मनी' झाला. मोनेटा म्हणजे काय, तर सावध करणारी, आठवण देणारी. 'मोनेरे' या लॅटिन क्रियापदाशी रोमन लोक ते नाव जोडत. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात लिव्हियस अँड्रोनिकस नावाच्या कवीने होमरची ओडिसी लॅटिनमध्ये नेली, तेव्हा ग्रीकांच्या स्मृतिदेवतेचं नाव त्याने मोनेटा असंच केलं. म्हणजे पैशाची आणि आठवणीची देवी एकाच नावाची. आणि ते 'मोनेरे' भाषापंडितांच्या हिशोबात ज्या आदिम धातूवरून आलं, त्याच धातूचं संस्कृतातलं अपत्य म्हणजे मनस्. आपलं मन.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक पालथं ठेवून बराच वेळ बसले. मोनेटाची व्युत्पत्ती पंडितांना सोळा आणे मान्य आहेच असं नाही, हेही मला ठाऊक आहे. पण आमच्या ओटीवर ते शब्द कधी वेगळे झालेच नव्हते. हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा माळावर फुटलेली दोन भावंडं, एक रोमहून टाकसाळीतून फिरून आलेलं, एक इथेच दिव्यापाशी बसलेलं, आणि एका अंगठेबहाद्दर बाईच्या तोंडी दोघांची गाठ पडलेली. मनी.

टपालखात्याने मनीऑर्डर 1880 साली सुरू केली आणि ती जुनी कागदी मनीऑर्डर 2015 साली बंद झाली. बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, कोपऱ्यात होती. आमची मनीऑर्डर मात्र त्याच्या पुष्कळ आधी बंद झाली. 18 जानेवारी 1982. गिरण्यांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर आले त्यात बाबा एक. त्यानंतर साकवाच्या फळ्या वाजल्या त्या कधी पत्रांसाठी, कधी दुसऱ्याच कोणाच्या घरासाठी. पंधरा तारीख यायची, आजी दुपारी झोपायची नाही, नुसती पडून राहायची. मग एके दिवशी तिने उलटी मनीऑर्डर सुरू केली: उकड्या तांदळाचं गाठोडं, कुळथाची पिठी, सोलं, एसटीने मुंबईला जाणाऱ्या कोणा ना कोणाबरोबर. त्याला अंगठा लागत नसे. त्या महिन्यांत तिच्या कानामागची जांभळी बट पांढरी झाली, आणि मला रात्री तिच्या कुशीत खोबरेल आणि धूर, एवढंच.

बाबा गावी परतले ते पुढच्या वर्षी. हिरवी ट्रंक घेऊन. मग आजी गेली, कालांतराने बाबा गेले. ट्रंक माळ्यावर राहिली. गेल्या मे महिन्यात आईने ती उतरवायला लावली.

मनीऑर्डरच्या फॉर्मचा एक तुकडा पोच म्हणून पाठवणाऱ्याकडे परत जायचा, हे मला माहीत असायला हवं होतं, पण मी कधी विचारच केला नव्हता. माझ्यासाठी तो कागद पोष्टमनच्या पिशवीत शिरायचा आणि संपायचा. ट्रंकेत, गिरणीच्या कापडाच्या एका चिंधीत बांधलेल्या, त्या पोचा होत्या. सगळ्या. तारखेवार. जिल्हा रत्नागिरी, जिल्हा रत्नागिरी, आणि मग 1981 मध्ये, जिल्हा फुटल्यावर, जिल्हा सिंधुदुर्ग. प्रत्येकीवर आजीचा अंगठा. दरमहा एक. कुठे भरगच्च, कुठे अर्धवट, भातलावणीच्या दिवसांतला चिखलाच्या बारीक चिरांसकट उठलेला. चाळीतल्या खोलीत पंधरा-वीस जणांच्या वळकट्यांमध्ये बाबा हे असं आपल्या आईच्या हाताचं महिन्याचं माप सांभाळून होते. गावातल्या तारेला त्यांची अक्षरं, आणि मुंबईच्या ट्रंकेत तिचा अंगठा. मी एक पोच नाकाशी नेली. डांबरगोळ्या, गंजका पत्रा. शाईचा वास उडून गेला होता.

आई एकेक हातात घेऊन बघत होती. ऐंशीच्या पुढची आहे आता, पेन्शन नाही, तक्रारही नाही. "हेच्यात माझा काय एक नाय," ती म्हणाली, जरा वेळाने, कुठलाही राग नसलेल्या आवाजात. आणि मग एक पोच माझ्यापुढे धरली. "हा तुझा बघ."

मला आठवलं. आठवलं म्हणजे आधी तो 'टक्' आवाज आठवला. पोष्टमन नोटा मोजत होता आणि डबी उघडी होती, जांभळी, ओलसर, आणि मी त्यात बोट घालून ते सरळ सरकारी कागदावर ठेवलं होतं, आजीच्या अंगठ्याला लागून. तो केवढा ओरडला होता. मास्तरांनी चष्मा काढला होता. कागद बाद होतो की काय अशी सगळ्यांना धास्ती पडली, आई दाराबाहेर आली, आणि आजी एकटी हसत म्हणाली होती, "रवांदे रे. पोचांदे तेका." त्या रात्री माझ्याही केसांना शाई पुसली होती तिने. पुढे काही झालं नाही, ऐंशी रुपये मिळाले, मी विसरून गेले.

आजीच्या ठशाच्या डाव्या अंगाला तो होता, वालाच्या दाण्याएवढा, फरपटलेला. आणि त्याच्या शेजारी शिसपेनाने, बाबांच्या अक्षरात, एकच शब्द. सा. न. वि. वि. नाही, कळावे नाही. जसं ते बोलत तसं.

'चेडवाचो.'